दोन कण सोनं

(दहावीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी बोलल्याप्रमाणेच ठेवले आहे.)



पन्नास वर्षांनी या व्यासपीठावर उभा राहतोय. याआधी एकदाच उभा राहिलो होतो, आठवीत, लोकमान्य टिळकांवरचं भाषण करायला. दुसऱ्या वाक्यावर अडकलो आणि तिसऱ्या वाक्याला खाली उतरलो. त्यामुळे आज कागद आणलाय. बाईंनी काळजी करू नये.

संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जाऊन आलास, तिथं सोन्याची खाण पाहिलीस, आपला सुवर्णमहोत्सव आहे, तर त्यावरच बोल. पंधरा मिनिटं, हलकंफुलकं." मी हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट हलकीफुलकी राहत नाही. ती बॅलरॅटला सुरू होते आणि आपल्या सराफ बाजारात येऊन थांबते. तर थोडं सांभाळून घ्या.

आधी बॅलरॅट. मेलबर्नपासून साधारण दीड तासाच्या रस्त्यावर हे गाव आहे. १८५१ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. त्या वर्षी व्हिक्टोरिया प्रांताची वस्ती पाऊण लाखाच्या घरात होती, दहा वर्षांत ती पाच लाखांवर गेली. इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, अमेरिका, चीन, कुठून कुठून लोक आले. जुन्या खाणीच्या जागेवरच तिथल्या लोकांनी १९७० मध्ये एक गाव उभं केलं, सॉव्हरिन हिल नावाचं. मातीचे रस्ते, घोडागाडी, लोहार, मेणबत्त्या करणारा, पेपरमिंटच्या गोळ्या करणारा, लाल डगल्यातले शिपाई. सगळे १८५० च्या दशकातल्या कपड्यांत. नातू म्हणाला, "आजोबा, हे सगळे खोटे आहेत." मी म्हटलं, "बाळा, तिकिटाचे पैसे खरे होते."

डोक्यावर टोपडं घालून खाणीत उतरलो. अंधार, ओल, खडकाला हात लावला तर गार. गारगोटीच्या पांढऱ्या दगडाच्या शिरा दाखवतात, सोनं त्या शिरांत. १८५८ साली तिथे सापडलेल्या एका गोळ्याची गोष्ट सांगतात. सुमारे ६९ किलो वजनाचा एकच गोळा! सापडला तो कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांना. हेच कॉर्नवॉलचे खाणकामगार पुढे आपल्या कोलारलाही आले. जॉन टेलर कंपनीनं १८८० मध्ये कोलारचं काम हाती घेतलं. १९०२ मध्ये शिवसमुद्रमच्या धबधब्यावरची वीज कोलारच्या खाणींना मिळाली, मुंबईत अजून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या तेव्हा. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. शेवटी शेवटी एक टन दगड फोडून हाती काही ग्रॅम सोनं यायचं. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच सोनेतारणाच्या टेबलावर. सोनं म्हणजे माझ्या लेखी कापडी पिशवी, लाखेचं सील आणि मूल्यमापकाची सही. ते दगडातून येतं, आणि त्यासाठी एवढा दगड फोडावा लागतो, हे मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

खाणवाल्यांना महिन्याला तीस शिलिंग परवाना फी होती. सोनं सापडो न सापडो, फी भरायचीच. पोलीस येऊन परवाना तपासायचे, नसला तर पकडून न्यायचे. त्यातून ३ डिसेंबर १८५४ ला युरेका नावाच्या ठिकाणी खाणकामगार आणि सैनिक यांच्यात चकमक झाली, वीसहून अधिक खाणकामगार मेले. चिनी लोकांवर तर १८५५ मध्ये वेगळाच कर बसवला. बंदरात उतरलं की माणशी दहा पौंड. तो चुकवायला ते शेजारच्या प्रांतात उतरायचे आणि शेकडो किलोमीटर पायी चालत खाणीवर यायचे. मी हे सगळं तिथल्या पाट्यांवर वाचत होतो आणि मनात म्हणत होतो, केवढे सोसले या लोकांनी, आणि केवढ्या आदरानं यांनी ते जपलंय.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला त्याचीच लाज वाटणार आहे.

खाण पाहून झाल्यावर ओढ्यावर गेलो. छोटासा ओढा, पाणी गुडघ्याच्या खाली. काठावर पसरट घमेली ठेवलेली. ज्याला हवं त्यानं घमेलं घ्यायचं, फावड्यानं वाळू भरायची, पाण्यात धुवायची आणि सोनं शोधायचं. सोनं खरं असतं. तिथली माणसं ते त्या ओढ्यात वेळोवेळी टाकतात, म्हणजे पाहुण्यांची निराशा होत नाही. सापडलं तर आपलं.

उकिडवं बसणं या वयात सोपं नाही. बसलो. घमेलं भरलं, पाणी घेतलं, गोल गोल फिरवायला लागलो. वाळू गेली, खडे गेले, शेवटी घमेलंच रिकामं झालं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. आमच्या सौभाग्यवतींना पहिल्याच खेपेला एक कण मिळाला. त्यांचं म्हणणं, चाळीस वर्षं तांदूळ धुतलेत, आपोआप येतं. मी मात्र नुसता ओढा ढवळत होतो.

मग लाल शर्ट घातलेला तिथला एक माणूस आला. न बोलता माझ्या हातातलं घमेलं घेतलं. पाण्याखाली सपाट धरून आधी दोन्ही बाजूंना जोरजोरात हलवलं. मग पुढची कड जराशी खाली केली आणि पाण्यात बुडवून हलकेच वर काढली. बुडवली, काढली. वरची वाळू पाण्याबरोबर निघून गेली. पुन्हा सपाट धरून हलवलं, पुन्हा कड खाली. मनगटाचा तो झोका मी बघत होतो, आणि माझ्या अंगावर काटा आला. हे मी पाहिलेलं होतं. हेच, असंच, याच लयीत. ऑस्ट्रेलियात नव्हे. इथं, या शाळेच्या पटांगणात, नळाजवळ.

तुम्हाला आठवतंय का? ब वर्गातल्यांना आठवेल. १९७५ साल, दिवाळीनंतरचे दिवस. विज्ञानाच्या सरांनी घनता शिकवायला घेतली होती. सर समोर बसलेत, त्यांना आठवतंय, मान हलवली त्यांनी. सरांनी फळ्यावर लिहिलं: पाणी १, वाळू सुमारे २.६, लोखंड ७.८, सोनं १९.३. आणि विचारलं, "नदीच्या वाळूत सोन्याचे कण मिसळलेत. चाळणीनं वेगळे होत नाहीत, कारण वाळूइतकेच बारीक आहेत. मग कसे काढाल?" वर्ग चिडीचूप. हुशार मंडळी पहिल्या बाकावर होती, ती पुस्तकात बघू लागली.

माझ्या शेजारी बसणारा उठला. म्हणाला, "धुऊन."

वर्ग हसला. का हसला, ते तुम्हाला माहीत आहे. आपण त्याला "गाळ्या" म्हणायचो. तो झारेकऱ्यांच्या घरातला होता. आज आपल्या नातवंडांना हा शब्द समजावून सांगावा लागेल, म्हणून सांगतो. सोनार दागिना घडवताना कानस चालवतो, तेव्हा कीस उडतो. कितीही जपलं तरी थोडा जमिनीवर पडतो, चटईत अडकतो, भट्टीच्या राखेत जातो, हात धुताना पाण्यात जातो, पायाला चिकटून रस्त्यावर येतो आणि पावसानं गटारात वाहून जातो. हा सगळा केर, राख, गाळ जमा करायचा, त्यातला काडीकचरा जाळायचा, कुटायचा, चाळायचा, घमेल्यात धुवायचा आणि त्यातनं सोनं वेगळं काढायचं, हे झारेकऱ्याचं काम. आपला नगर जिल्हा म्हणजे काळा बेसॉल्ट, यात सोन्याची खाण नाही. सोन्याची वाळू धुणारे सोनझरी लोक तिकडे पार पूर्व विदर्भात. नगरची सोन्याची खाण म्हणजे सराफ बाजाराची जमीन, आणि तिथले खाणकामगार म्हणजे याची आई, आजी आणि हा.

तर वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "उद्या करून दाखवशील?" तो "हो" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घरून घमेलं घेऊन आला. कडा घासून पातळ झालेलं. सरांनी सायकलच्या दुकानातून सात छर्रे आणले होते, सोन्याऐवजी. ते घमेलंभर वाळूत कालवले. सगळा वर्ग नळाभोवती. तो बसला आणि धुवायला लागला. छर्रे गोल, घरंगळणारे. वाटलं, पाण्याबरोबर दोन-चार तरी जाणार. पाच-सात मिनिटांत वाळू गेली आणि घमेल्याच्या कडेला छर्रे उरले. सरांनी मोजले. सात. सर म्हणाले, "मी तुम्हाला घनता सांगितली. यानं ती दाखवली." आणि टाळ्या वाजवल्या. मग आपण सगळ्यांनी वाजवल्या. मधल्या सुट्टीत मी त्याला विचारलं, कसं करतोस? त्यानं माझी मनगटं धरून दाखवलं. रिकाम्या घमेल्यात, नुसतं पाणी घेऊन.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या घरातही नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. तेव्हा तोळ्याला पाचशेच्या आसपास भाव असेल, पण वडिलांच्या पगाराकडे पाहता तोही डोंगर होता. दागिने घ्यायला आम्ही सराफ बाजारात निघालो. वडील, काका, मी आणि मुलाकडची दोन मोठी माणसं. नवी सोयरीक. वडील जपून बोलत होते, मी नवा शर्ट घालून मिरवत होतो.

दुकानाच्या पायरीशीच तो होता. आई कुंच्यानं कडेचा केर ओढत होती, आणि हा गटारात वाकून, कोपरापर्यंत हात काळे, पत्र्याच्या डब्यात गाळ भरत होता. त्यानं मान वर केली. मला पाहिलं. चेहरा उजळला त्याचा. हात वर करून मला नावानं हाक मारली. मोठ्यानं.

मुलाकडच्या काकांनी मला विचारलं, "ओळखीचा का रे?"

मी "नाही" म्हणालो. आणि पायरी चढलो.

एवढंच. मारामारी नाही, भांडण नाही. एक शब्द. पण तो तीन हातांवर होता. त्यानं ऐकलं. त्याच्या आईनंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात माझ्या शेजारी बसला नाही. मागच्या बाकावर जाऊन बसला. मला काहीच बोलला नाही. मार्चमध्ये परीक्षा झाली. आपण दहावीच्या नव्या पद्धतीची दुसरीच बॅच. वाड्यातले थोरले अकरावीवाले आपल्याला "कच्चे मॅट्रिक" म्हणायचे. तो पास झाला, हे बोर्डावर पाहिलं. पुढे तो दिसला नाही. मीही शोधला नाही. खरं सांगायचं तर सराफ बाजारातून जाताना मी पलीकडच्या बाजूनं जायचो.

आणि पन्नास वर्षांनी मी बॅलरॅटला ओढ्यात उकिडवा बसलो होतो. तिकीट काढून. त्याची आई जे करायची तेच करत. माझ्या आजूबाजूला देशोदेशीची माणसं, हात चिखलात, पोरांचे फोटो काढतायत. आणि मघाशी मी काय म्हणालो होतो मनात? केवढे सोसले या लोकांनी. दीडशे वर्षांपूर्वीच्या, परक्या देशातल्या, ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशांबद्दल मला आदर वाटला. आणि ज्यानं माझी मनगटं धरून मला हेच काम शिकवलं, त्याला मी ओळखत नव्हतो.

लाल शर्टवाल्यानं घमेलं माझ्या हातात दिलं. तळाला दोन कण चमकत होते. मोहरीच्या दाण्याहून बारीक. त्यानं ते एका छोट्या काचेच्या बाटलीत पाणी घालून भरून दिले. पाण्यात ते मोठे दिसतात. नातवाला वाटलं आजोबांना सोनं मिळालं म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

परत आल्यावर आपल्या ग्रुपवर वर्गाची यादी फिरत होती. कोण कुठे आहे, कोण आता नाही. त्याच्या नावापुढे रिकामी जागा होती. मी सराफ बाजारात गेलो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिथे चौकशीला. बाजार बदललाय. काचेची दारं, थंडगार दुकानं, खाली गुळगुळीत फरशी, गटारं बंदिस्त. पुष्कळसा माल यंत्रावर तयार होऊन बाहेरून येतो. एका म्हाताऱ्या कारागिराला विचारलं. तो म्हणाला, "झारेकरी? आता केर तरी कुठं राहिला?" पण त्याला घर ठाऊक होतं. केडगावला.

दार त्यानंच उघडलं. मी ओळख सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यानंच मला नावानं हाक मारली. तशीच.

मी तास-दीड तास बसलो. कंपनीत लेथवर नोकरी केली त्यानं, निवृत्त झाला. पण आई होती तोवर रविवारी केर धुतला. मला त्यानं जे सांगितलं त्यातलं थोडं सांगतो, कारण ते पुस्तकात सापडणार नाही. १९६३ मध्ये सरकारनं १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली, तेव्हा सोनारांचे हात रिकामे झाले, एवढं आपण ऐकलंय. तो म्हणाला, "सोनाराचा हात थांबला, की आमचं घमेलं थांबतं. त्याचं पेपरात आलं. आमचं कशाला येतंय?" १९७२ च्या दुष्काळात आपण मिलो आणि सुकडी खाल्ली, पाण्याला रांगा लावल्या. त्यांना त्याच पाण्यात केरही धुवायचा होता. सीना कोरडी पडलेली. त्याची आई घरातल्या धुण्याभांड्यांचं पाणी टाकीत साठवायची, त्यात केर धुवायची, गाळ खाली बसू द्यायची आणि तेच पाणी पुन्हा वापरायची. पंधरा-पंधरा दिवस एकच पाणी.

धुऊन उरलेल्या जड भुकटीतून आधी लोहचुंबकानं लोखंड काढायचं. मग पारा घालून चोळायचं. पारा सोन्याचे कण धरतो. तो कापडातून पिळायचा, उरलेली गोळी तापवायची, पारा उडून जातो, सोनं राहतं. मग तेजाबात टाकून चांदी-तांबं विरघळवायचं. हे सगळं घरातल्या चुलीपाशी. आईचे हात शेवटी शेवटी थरथर कापायचे, कपातला चहा सांडायचा. पाऱ्याची वाफ मज्जातंतूंवर काय करते हे आता जगाला कळलंय, २०१३ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय करारही झाला. तेव्हा घरात एवढंच म्हणायचे, की म्हातारपण लवकर आलं.

मी बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, हलवली, कण खाली कसे बसतात ते पाहिलं. म्हणाला, "सोनंच आहे. दोनच?" मी म्हटलं, "दोनच." तो म्हणाला, "तिकीट केवढ्याचं होतं?" मी सांगितलं. तो इतका हसला की आतून वहिनी बाहेर आल्या.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो, हे भाषण घेऊन. त्याला वाचून दाखवल्याशिवाय इथे वाचायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्यानं दोन चुका काढल्या. एक धुण्याची, एक हिशेबाची.

धुण्याची चूक अशी, की मी लिहिलं होतं, त्यानं शाळेत मला शिकवलं की "घमेलं हलवू नको, पाणी फिरव." तो म्हणाला, "मी असं कधीच सांगितलं नसणार. आधी घमेलं सपाट धरून चांगलं हलवायचं, जड तळाला बसेपर्यंत. ते न करता पाणी फिरवलंस म्हणून तिकडं तुझं सगळं वाहून गेलं." म्हणजे पन्नास वर्षं मी ते चुकीचंच लक्षात ठेवलं होतं. कागदावरचं ते वाक्य मी खोडलं.

हिशेबाची चूक अशी, की मी लिहिलं होतं, "लोकांनी टाकून दिलेल्या केरातून ते सोनं काढायचे." तो म्हणाला, "टाकून दिलेला नाही. विकत घेतलेला. दुकानातला केर सोनार फुकट देत नाही. आई तो हातात घेऊन, बोटांत चोळून अंदाज करायची आणि रोख पैसे मोजायची. अंदाज चुकला तर आमचं नुकसान. फुकट काय ते गटारातलं. तेवढं नीट लिही." हेही दुरुस्त केलं. चौतीस वर्षं मी बँकेत तारणाचं सोनं घेतलं, शेजारी मूल्यमापक, हातात काटा. त्या बाईजवळ दोन बोटं होती.

मग मी पायरीचा प्रसंग वाचला. "ओळखीचा का रे?" तिथपर्यंत आलो, पुढचा शब्द वाचला आणि थांबलो. वर बघायचं धाडस होत नव्हतं. तो काही बोलला नाही. बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे, पोरं होतो आपण. तसं तो म्हणाला नाही. म्हणावं अशी अपेक्षा करायचाही मला हक्क नव्हता.

तो म्हणाला, "वाच पुढं."

मी पुढे वाचलं.

मित्रहो, त्याची माफी मी त्याच्या घरी मागितली, त्याबद्दल इथे बोलत नाही. पण हाक त्यानं चारचौघांत मारली होती आणि ओळख मी चारचौघांत नाकारली होती, म्हणून एवढं इथे सांगणं भाग होतं: तो माझ्या ओळखीचा आहे. दोन वर्षं माझ्या शेजारी बसलेला. माझा मित्र आहे असं म्हणायचं की नाही, ते त्यानं ठरवावं.

तो आज आलाय. कुठे बसलाय ते सांगत नाही, तुम्हीच ओळखा. आणि भेटलात की त्याला खऱ्या नावानं हाक मारा, ते जुनं नाव नको. स्मरणिकेत नाव छापायला त्यानं परवानगी दिली नाही. म्हणाला, "नाव नको. काम नीट छापा."

तर कामाचंच सांगून थांबतो. चहानंतर सगळ्यांनी पटांगणात नळापाशी यावं. घमेलं आणलंय, तेच, कडा पातळ झालेलं. आईच्या मागं त्यानं ते जपून ठेवलं होतं. वाळू मी आणलीय. सर, छर्रे या वेळीही तुम्हीच मोजून टाकायचे आहेत. सातच. आणि धुऊन झाल्यावर पुन्हा तुम्हीच मोजायचे.

माझ्या खिशात ती बाटली आहे. ते दोन कण मी त्याला देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, "तू धुतलेस, तुझे." मी त्याला खरं सांगितलं, की ते त्या लाल शर्टवाल्यानं धुतले होते. तेव्हा तो म्हणाला, "मग चहानंतर ये नळावर. तुला परत शिकवतो."